बझर वाजला, ऐकतोय कोण?

आवाज करणाऱ्या वस्तूंना मराठीत नावांची कमी नाही. देवळात घंटा, शाळेत टोल, गिरणीवर भोंगा, पोलिसांच्या गाडीला सायरन, दाराला बेल. 'कौन बनेगा करोडपती'त दिवसाचा खेळ संपवतो, तो हूटर. एवढी गर्दी असताना 'बझर'नेही आपल्या बोलण्यात जागा पटकावलीच.

क्विझच्या 'बझर राउंड'मध्ये आधी हात मारेल त्याला उत्तर द्यायचा चान्स. फूड कोर्टात ऑर्डर दिली की हातात येते ती थरथरणारी चकतीही बझरच. प्रो कबड्डीत ३० सेकंदांची रेड संपली की बझर. (आमच्या कोकणात कबड्डी म्हणजे दम! पूर्वी रेडरचा श्वास हेच घड्याळ असायचं.) आणि पावसाळ्यात रत्नागिरीतल्या ऑफिसात लाइट गेली की यूपीएस पीं-पीं सुरू करतो आणि सगळा मजला एका सुरात ओरडतो, 'अरे, फाइल सेव्ह कर!' इंडोनेशियात तर पैसे घेऊन सोशल मीडियावर एखाद्याची हवा करणाऱ्या माणसालाच 'बझर' म्हणतात. आपल्याकडे त्यांना काय म्हणतात, ते तुम्हीच ठरवा.

मूळ शब्द मधमाशीचा. इंग्रजीत 'बझ' म्हणजे तिची गुणगुण. जुन्या पद्धतीच्या बझरचा फंडा मस्त आहे. आत तारेचं वेटोळं आणि एक पातळ पट्टी. वीज आली की वेटोळ्याचं चुंबक होतं आणि ते पट्टीला ओढतं. पट्टी ओढली गेली की जोडणी सुटते, वीज तुटते. चुंबक मेलं की पट्टी परत जागेवर, पुन्हा वीज सुरू. सेकंदाला कितीतरी वेळा हा खेळ चालतो. बेलमध्येही हेच होतं, फक्त तिथे पट्टीला हातोडी असते आणि ती वाटीवर आपटते. हातोडी आणि वाटी काढून टाका. उरते ती गुरगुर, म्हणजे बझर.

पण खरा फरक वाटी-हातोडीचा नाही. एसटीतली कंडक्टरची घंटी आठवा. छतालगतची दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. मारुती मंदिरच्या स्टॉपवर एखादी आजी पिशवी सावरत धावत येताना दिसली, तर डबल बेल मारायला निघालेला हात थांबतो. 'या आजी, सावकाश!' बेलच्या मागे माणूस असतो. बझरच्या मागे नसतो. तो कुणासाठी थांबत नाही, आणि म्हणूनच त्याला फसवताना आपल्याला काही वाटत नाही.

गाडीचंच बघा. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टचा बझर सक्तीचा झाला. शिवाय ताशी ८० किलोमीटरच्या वर वेग गेला की मधूनमधून टोकणारा आणि १२० च्या वर सलग बोंबलणारा बझर. (मुंबई-गोवा हायवेवर या दुसऱ्याला वर्षानुवर्षं फारसं कामच नव्हतं, ते सोडा.) त्यावर पब्लिकने काय शोधलं? एक क्लिप. ती बकलमध्ये खोचली की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय. बझर गप्प, आपण मोकळे!

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. ते मागच्या सीटवर होते, बेल्ट न लावता. त्यानंतर बेल्टची देशभर चर्चा झाली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विकायला मनाई केली आणि १३ हजारांहून जास्त जाहिराती उतरवल्या गेल्या. उतरवलेल्या जाहिराती! विकल्या गेलेल्या क्लिपा अजून गाड्यांमध्ये आहेतच.

गणपतीला मुंबई-पुण्याहून मित्रांच्या गाडीतून कोकणात निघणार असाल, तर बसल्याबसल्या बकल चाचपून बघा. मालकाला राग आला तर हातखंब्याला उतरल्यावर त्याला एक चहा पाजा.