मुक्या जिवाची अमानत

माणसांच्या दुखण्यांनी भरलेल्या जगात एका सशावर काय लिहायचे, असे वाटून हा विषय आम्ही दोन महिने बाजूला ठेवला होता. पण ईदनंतर भेटलेल्या चार-पाच जणांनी तोच प्रश्न विचारला. कोणाकडे मूत्रपिंडे निकामी झालेली म्हातारी मांजर आहे, कोणाकडे उठता न येणारा पोपट. म्हणून आमच्यावर गुजरले ते सांगतो. त्यात आमची चूकही आहे.

वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बर्फी नऊ वर्षे राहिली. थोरली सहावीत असताना तिला बाजारातून आणली. विकणाऱ्याने नर म्हणून दिली आणि आम्हीही दोन वर्षे तिला नरच समजत होतो. नीट सांभाळलेला घरचा ससा आठ ते बारा वर्षे जगतो, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हते. मुलांचे खेळणे म्हणून आणलेला जीव मुलगी शिकायला पुण्याला गेली तरी घरात होता. फजरला आम्ही वुजू करायला उठलो की ती पिंजऱ्याच्या दाराशी उभी. जानमाजाच्या झालरी कुरतडायची तिला फार हौस, म्हणून ते तिच्यापासून उंच ठेवावे लागत.

गेल्या हिवाळ्यात तिच्या लघवीला तांबूस रंग दिसू लागला. पाल्याभाजीमुळे सशाची लघवी कधी कधी नुसतीच लालसर होते, हे ऐकून होतो, म्हणून दुर्लक्ष केले. ते रक्त होते. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली आणि एक्स-रेमध्ये फुप्फुसांवर डाग. नसबंदी न केलेल्या सशाच्या मादीत वय वाढते तसा हा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात आढळतो, असे डॉक्टरांनी सांगितले. तरुणपणी नसबंदी केली असती तर तो टळला असता. ज्यांच्या घरी मादी आहे त्यांनी ही गोष्ट आजच विचारून घ्यावी.

शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. डॉक्टरांनी वेदना कमी करणारे औषध दिले, सिरिंजने पातळ खाणे भरवायला शिकवले आणि म्हणाले, ‘‘हे काही आठवड्यांचे काम आहे. वेळ आली की इंजेक्शन देऊन तिला सोडवता येईल. पण वेळ आली हे तुम्ही मला सांगायचे.’’

ते कसे सांगायचे? कुत्रे कण्हते, मांजर ओरडते. ससा गप्प असतो. रानात अशक्त दिसणारा ससा आधी शिकार होतो, त्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या रक्तातच आहे. डॉक्टरांनी खुणा सांगितल्या. पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसणे, डोळे अर्धवट मिटणे, दात करकरा खाणे. लेंड्या लहान होणे किंवा बंद होणे. दहा-बारा तास काही खाल्ले नाही तर आतडे थांबते आणि तेवढेच जिवावर बेतू शकते. ससा नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे त्याने तोंड उघडून श्वास घेतला तर समजायचे की फार थोडे उरले आहे. घरातली माणसांची गोळी मात्र कधीही द्यायची नाही.

अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी अशा जनावरांसाठी एक मोजपट्टी केली आहे. वेदना आणि श्वास, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तीसच्या वर गुण असतील तर जगणे सुसह्य धरायचे. धाकट्याने शाळेच्या जुन्या वहीत रकाने आखले. रमजान सुरू झाला होता. सेहरीला उठलो की आधी तिला भरवायचे, मग आपण खायचे, आणि वहीत आकडे लिहायचे. पहिल्या रोज्याला पंचेचाळीस होते. रोज थोडे घसरत. त्या वहीचा मोठा उपयोग झाला. आपले मन एका दिवसात दहा वेळा बदलते, लिहिलेला आकडा बदलत नाही.

या दिवसांत सल्ले पुष्कळ आले. शेजारच्या एकांनी येऊरच्या पायथ्याशी सोडून देण्याचा उपाय सुचवला, ‘निसर्ग बघून घेईल’ म्हणाले. बिबट्याच्या जंगलात आजारी ससा सोडणे म्हणजे आपले हात स्वच्छ ठेवून मरण दुसऱ्याकडे सोपवणे. उपासमारीने हाल होतील अशा ठिकाणी पाळीव जनावर टाकून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

दादींचे म्हणणे वेगळे होते. ‘‘हलाल जनावर आहे. अल्लाहचे नाव घ्या आणि जिबह करा. इंजेक्शन कशाला?’’ दादींनी गावाकडे आयुष्यभर कोंबड्या-बकऱ्या पाळल्या. त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. तरीही आम्ही राबोडीला जाऊन ओळखीच्या मौलाना साहेबांना विचारले.

त्यांनी शांतपणे सांगितले. ससा हलाल आहे यात शंका नाही. मर्र-उज-जहरान इथे हजरत अनस (रजि.) यांनी पकडलेला ससा हजरत अबू तल्हा (रजि.) यांनी जिबह केला आणि त्यातला वाटा प्रेषित सल्ल. यांनी स्वीकारला, हे हदीसमध्ये आहे. ज्याला जिबह करायची मुभा मुळातच आहे, त्याला असाध्य दुखण्यातून सोडवण्यात अडचण नाही. मांजर किंवा गाढव यांची गोष्ट वेगळी. आपण कोकणी लोक बहुतेक शाफई. शाफई फिकहच्या जुन्या ग्रंथांत न खाल्ल्या जाणाऱ्या जनावराला वेदनेतून सोडवण्यासाठीही मारू नये, असे मत आहे. हनफी उलमा यात मुभा देतात. तेव्हा मांजरवाल्यांनी आपल्या इमामांना विचारूनच ठरवावे.

पद्धतीबद्दल त्यांनी हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांची सहीह मुस्लिममधली हदीस सांगितली. अल्लाहने प्रत्येक कामात एहसान, म्हणजे ते उत्तम रीतीने करणे, बंधनकारक केले आहे. जनावर जिबह करतानाही सुरीला धार हवी आणि त्याला कमीत कमी त्रास व्हायला हवा, असा तिचा आशय आहे. ‘‘तुमचा हात सराईत आहे का?’’ मौलाना साहेबांनी विचारले. नव्हता. मग भूल देऊन केलेले इंजेक्शन तिच्यासाठी जास्त सोपे असेल तर ते करा, फक्त ते मांस मग कोणी खायचे नाही, असे ते म्हणाले. दादींना हे सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली. ‘‘हात कापत असेल तर सुरी धरू नये,’’ एवढेच म्हणाल्या.

सगळ्यात अवघड प्रश्न धाकट्याने विचारला, तोही इफ्तारच्या दस्तरखानावर, दादींच्या समोर. ‘‘दादी खूप आजारी पडली तर तिलाही असेच इंजेक्शन देणार?’’

घास हातात राहिला. दादीच हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘दे बाबा उत्तर.’’

आम्ही त्याला सांगितले की माणसाचा जीव घेण्याचा हक्क आपल्याला नाही, त्याच्या सांगण्यावरूनही नाही. माणूस दुखण्यात सब्र करतो, दुआ मागतो, त्याच्या सब्राला अज्र आहे. बर्फीला आपल्या दुखण्याचा अर्थ माहीत नाही, ते कधी संपेल हेही नाही. माणसाची आपण सेवा करायची. परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना मरण द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. २०११ साली न्यायालयाने ती फेटाळली, आणि तिथल्या परिचारिकांनी आपल्या सहकारी भगिनीला अखेरपर्यंत सांभाळले. दादीला आपण तसे सांभाळू. धाकट्याचे किती समाधान झाले कोण जाणे, पण त्या रात्री तो दादींजवळ झोपला.

आता आमची चूक. चोविसाव्या रोज्याला वहीत एकोणतीस आकडा आला. डॉक्टर म्हणाले, ‘‘आता उशीर करू नका.’’ थोरली चाँदरातीला पुण्याहून येणार होती. तिने बर्फीला शेवटचे पाहावे, म्हणून आम्ही थांबायचे ठरवले. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न, असे वाटले. दुसऱ्याच रात्री बर्फीने मान वर ताणून तोंड उघडले. खिडक्या उघडल्या, पंखा लावला, ओला रुमाल कानांवर ठेवला. सेहरीपर्यंत ती तशीच बसून होती आणि आम्ही तिच्यासमोर. त्या वेळी कुठला दवाखाना उघडा असतो याची चौकशी आम्ही आधी केलेली नव्हती.

थोरलीला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, ‘‘माझ्यासाठी थांबला होता? मला का नाही विचारलेत?’’ या प्रश्नाला आमच्याकडे आजही उत्तर नाही. ती रात्र बर्फीने आमच्या इच्छेसाठी काढली.

सकाळी दवाखान्यात आधी भुलीचे इंजेक्शन दिले. दहा मिनिटांत ती मांडीवरच झोपली. मग कानाच्या शिरेतून दुसरे औषध गेले. डॉक्टरांनी बराच वेळ स्टेथोस्कोप लावून पाहिले आणि मान हलवली. आधी भूल देणार ना, हे प्रत्येकाने डॉक्टरांना आवर्जून विचारावे. प्रत्येक पशुवैद्य ससे पाहत नाही, त्यामुळे आपला डॉक्टर आणि रात्रीची सोय आधीच शोधून ठेवावी. शेवटच्या अवस्थेतल्या जिवाला घेऊन ठाण्याहून परळ गाठणे हे त्याचे हालच आहेत.

जनावराला जनाजा नाही, कफन नाही. जुन्या स्वच्छ ओढणीत गुंडाळून कल्याणजवळ एका नातलगाच्या वाडीत तिला पुरले. खड्डा चांगला खोल केला, कारण ते औषध शरीरात राहते आणि कुत्र्यांनी, घारींनी उकरून खाल्ले तर त्यांनाही विषबाधा होते.

धाकटा चार दिवस कोणाशी बोलला नाही. ‘एका सशासाठी एवढे काय,’ असे पाहुणे म्हणत. आम्ही त्याला हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची, अबू उमैरची गोष्ट सांगितली. त्याची पाळलेली छोटी चिमणी मेली होती. प्रेषित सल्ल. त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या एवढ्याशा मुलाला त्यांनी त्याच्या चिमणीबद्दल विचारले. उम्मतीचा सगळा भार डोक्यावर असताना एका मुलाच्या चिमणीची चौकशी करायला त्यांना सवड होती. धाकट्याने ती गोष्ट दोनदा ऐकली.

ज्यांच्या घरी असा जीव आहे त्यांना आमचे सांगणे एवढेच. वही आजच सुरू करा, तो धडधाकट असतानाच. कोणत्या आकड्याला थांबायचे ते घरातल्या सगळ्यांनी, दूर असलेल्यांनीसुद्धा, आधी ठरवा. औषधपाण्याचा कंटाळा आला म्हणून घाई करू नका. आणि ईद, परीक्षा, पाहुणे, आपले रडणे, यांसाठी उशीरही करू नका. त्या मुक्या जिवाबद्दल आपल्याला विचारले जाणार आहे.

वही आम्ही जपून ठेवली आहे. त्यातला चोविसाव्या रोज्याचा रकाना भरलेला आहे, पंचविसाव्याचा कोरा आहे. त्या कोऱ्या रकान्यासाठी अल्लाह आम्हाला माफ करो.