शिकायला के१०००च बरा

१९७६ साली जपानमधून दोन कॅमेरे बाजारात आले. कॅननच्या एई-१ मध्ये मायक्रोप्रोसेसर होता. शटरचा वेग आपण ठरवला की अ‍ॅपर्चर किती उघडायचे ते कॅमेरा पाहून घेई. असाही कंपनीच्या पेंटॅक्स के१००० मध्ये असे काही नव्हते. स्वयंचलित एक्स्पोजर नाही, सेल्फ-टायमर नाही, चालू-बंद करायचा खटकासुद्धा नाही. गाजला तो एई-१, पण त्याचे उत्पादन १९८०च्या दशकातच थांबले. के१००० मात्र १९९७ पर्यंत, तब्बल २१ वर्षे, जवळपास मूळ रूपात बनत राहिला. अमेरिकेत छायाचित्रण शिकवणारे शिक्षक नव्या विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे हाच कॅमेरा घ्यायला सांगत. तो स्वस्त होता हे त्याचे एक कारण होतेच. पण किंमत कमी ठेवण्यासाठी जे जे काढून टाकले, त्यानेच हा कॅमेरा उत्तम शिकवणारा झाला, असे माझे मत आहे. आणि आज, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना, त्याची गरज १९७६ पेक्षा जास्त आहे.

त्याचे काम जवळून पाहा. व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या कडेला एक काटा दिसतो. उजेड जास्त झाला की तो वर जातो, कमी झाला की खाली येतो आणि मधोमध स्थिरावला की एक्स्पोजर बरोबर. बॅटरी लागते ती एवढ्यासाठीच. ती संपली तरी शटर यांत्रिक असल्यामुळे कॅमेरा चालूच राहतो. समजा, ४०० आयएसओचा रोल भरला आहे आणि ओट्यावर सावलीत बसलेल्या आजोबांचा फोटो काढायचा आहे. १/१२५ सेकंद आणि एफ/८ वर काटा मध्यावर आला. आता शटर १/५०० वर नेले की काटा खाली घसरतो. लेन्सवरची कडी एफ/४ पर्यंत फिरवली की पुन्हा मध्यावर येतो. फिल्मवर पडणारा प्रकाश दोन्ही वेळा तेवढाच, तरी फोटो दोन वेगळे. पहिल्यात मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर बऱ्यापैकी स्पष्ट येईल, दुसऱ्यात ते विरघळून जाईल; पण आजोबांचा हलता हात दुसऱ्यातच नीट गोठेल. काय मिळवायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय दोन बोटांत येतो. पुढचा धडा काटाच देतो. माणूस खिडकीला पाठ करून बसला असेल, तर खिडकीच्या उजेडाने काटा वर जातो. त्याचे ऐकून उजेड कमी केला की चेहरा काळा येतो. काटा समोरचे सगळे दृश्य मध्यम करड्या छटेचे मानून चालतो, हे एकदा उमजले की चुन्याची पांढरी भिंत फोटोत मळकट का येते तेही कळते. तिथून पुढे विद्यार्थी काट्याचे ऐकतो, पण आंधळेपणाने नाही.

मोबाइलवर हे शिकता येत नाही आणि त्यात शिकणाऱ्याचा काही दोष नाही. बहुतेक मोबाइलच्या लेन्सचे अ‍ॅपर्चर बदलतच नाही. पाठीमागचा धूसरपणा सॉफ्टवेअर तयार करते. आपण एकदा बोट टेकवतो तेव्हा फोन बरेचदा अनेक फ्रेम घेऊन त्यांची एक प्रतिमा जुळवतो. फोटो सुरेख येतो, पण तो तसा का आला याचा माग लागत नाही. ज्याला केवळ आठवण जपायची आहे त्याचे यात काहीच बिघडत नाही. ज्याला हे काम शिकायचे आहे त्याच्यापुढे मात्र कारण आणि परिणाम यांची साखळी उघडी असायला हवी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की, डिजिटल कॅमेऱ्यातही मॅन्युअल मोड असतोच आणि चूक लगेच पडद्यावर दिसते. मग रोल धुऊन येईपर्यंत ताटकळायचे कशाला? आक्षेपात तथ्य आहे. चांगला शिक्षक डिजिटलवरही हे बरेचसे शिकवू शकेल. पण पडद्यावर फोटो काळा दिसला की माणूस चकती फिरवतो, पुन्हा काढतो, पुन्हा फिरवतो आणि उजेडाचा अंदाज न बांधताच बरोबर फोटोपर्यंत पोहोचतो. फिल्मवर अंदाज आधी बांधावा लागतो, आणि शिकायची गोष्ट नेमकी तीच आहे. शिवाय डिजिटलमध्ये आयएसओ दर फोटोला बदलता येतो. रोलमध्ये तो ३६ फोटोंसाठी ठरलेला, त्यामुळे हाताशी दोनच गोष्टी उरतात. नवख्याच्या डोक्याला तेवढ्याच पेलतात. मात्र एक अट आहे. डिजिटल फाइलमध्ये प्रत्येक फोटोची नोंद आपोआप राहते, इथे ती वहीत लिहावी लागते. वही ठेवली नाही तर धुतलेली निगेटिव्ह काहीही शिकवणार नाही.

फिल्मची फॅशन आली आहे, हेही त्यातलेच एक खूळ, असेही म्हटले जाते. फिल्मच्या रंगांत काही जादू असते, असा माझा दावा नाही. २०२४ मध्ये पेंटॅक्सनेच ‘पेंटॅक्स १७’ हा नवा फिल्म कॅमेरा काढला. त्यात रोल हाताने पुढे सरकवायचा, पण एक्स्पोजर कॅमेराच जमवतो. हौसेला तो छान आहे, शिकायला मात्र मी तो सुचवणार नाही.

खर्चाचा मुद्दा खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल इतिहासजमा झाला. आता रोल परदेशातून येतो आणि प्रत्येक फोटोला पैसे पडतात. यावर उपाय कृष्णधवल फिल्मचा आहे. ३०.५ मीटरचे रीळ घेतले तर त्यातून ३६ फोटोंचे साधारण १८ रोल भरता येतात आणि रोल धुणे वर्गातल्या मोरीतही जमते. डेव्हलपरच्या वेळा सहसा २० अंश सेल्सिअसला धरून दिलेल्या असतात. एप्रिलमध्ये विदर्भातल्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी त्याच्या कितीतरी वर असते, म्हणून बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवावी लागते. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो गटारात ओतू नये.

आता के१००० मिळेल तो जुनाच, तेव्हा पारखून घ्यावा. मागचे झाकण उघडून शटर एक सेकंदावर चालवून पाहावे. शटरच्या पडद्याला भोके नाहीत ना, कडेचा फोम चिकट झालेला नाही ना, बॅटरीच्या कप्प्यात हिरवा गंज नाही ना, काटा हलतो ना, हे तपासावे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरलेली असू शकते, म्हणून ती उजेडासमोर धरून आरपार बघावी. खटका नसल्यामुळे काम झाले की लेन्सवर टोपी घालावी, नाहीतर मीटर चालू राहून बॅटरी उतरते.

छायाचित्रण शिकवणाऱ्या आपल्याकडच्या वर्गांनी पहिल्या सत्रात असे चार-पाच कॅमेरे आळीपाळीने वापरायला द्यावेत. प्रत्येकाला दोन रोल आणि एक वही पुरे. मोबाइल बंद करायला लावू नये. तीच चौकट मोबाइलवरही काढायला सांगावी आणि रोल धुऊन झाला की दोन्ही शेजारी ठेवून, मोबाइलने कुठे कुठे परस्पर निर्णय घेतला ते विद्यार्थ्यांनाच शोधायला लावावे.