नारळाची नाडी

गेल्या पावसाळ्यात तास संपल्यावर बोईसरहून गाडीने येणारी एक विद्यार्थिनी टेबलापाशी थांबली आणि म्हणाली, "सर, डोक्याची हाडं नुसत्या हातानं हलवता येतात का?" प्रश्न पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला नव्हता. तिच्या मावशीचे दोन महिन्यांचे बाळ संध्याकाळ झाली की तासन् तास रडे. कोणीतरी सुचवले होते की, मुंबईला 'क्रेनिअल ऑस्टिओपॅथी' नावाचा उपचार मिळतो. अगदी अलगद बोटांनी कवटीची हाडे जागेवर आणतात आणि मूल शांत होते. मोठ्यांची डोकेदुखीही त्याने जाते म्हणे. फी मात्र अलगद नव्हती!

बाळाच्या डोक्याला हात लावणे आपल्याला नवे नाही. टाळू भरणे, न्हाऊ घालताना डोके चोळून गोल करणे, मानेखाली मोहरीची उशी देणे हे पालघर-तारापूरकडच्या बहुतेक आज्यांना ठाऊक असते. ही दुसरी पद्धत अमेरिकेतून आली. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1892 साली मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपॅथीची शाळा काढली. तेथील विल्यम सदरलँड या विद्यार्थ्याने कवटीची सुटी केलेली हाडे पाहिली. कानशिलाच्या हाडाची तिरपी कड पाहून त्याला माशाच्या कल्ल्यांची आठवण झाली. कल्ले हलतात, तेव्हा ही हाडेही हलत असली पाहिजेत, असे त्याच्या मनाने घेतले. पुढे 1939 साली त्याने आपली कल्पना पुस्तकरूपाने मांडली. मेंदूभोवतीच्या द्रवाला स्वतःचा एक ताल आहे, त्या तालावर कवटीची हाडे किंचित उघडमीट करतात आणि ताल बिघडला तर शिकलेल्या बोटांना तो कळतो, असा तिचा सारांश.

उपमा सुंदर आहे. शास्त्रात उपमेने सुरुवात करायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबून चालत नाही.

आता हाडांकडे वळू. जन्मतः कवटीची हाडे एकमेकांना पक्की जोडलेली नसतात. त्यामुळेच जन्माच्या वेळी डोके थोडे लांबट होऊन बाहेर येते आणि काही दिवसांत आपोआप गोल होते. पुढची मोठी टाळू बहुधा दीड वर्षापर्यंत भरून येते. मोठ्या माणसाच्या कवटीतले सांधे मात्र करवतीच्या दातांसारखे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. या पद्धतीच्या एका शाखेत बोटांचा दाब सुमारे 5 ग्रॅम सांगतात, म्हणजे जवळजवळ दोन रुपयांच्या नाण्याचे वजन. आता सातपाटीच्या कोळणीला आठवा. 20 किलोची पाटी डोक्यावर घेऊन ती बाजार गाठते. हा भार 5 ग्रॅमच्या चार हजारपट झाला. नाण्याएवढ्या भाराने हाडे सरकत असती, तर त्या पाटीखाली कवटीचे काय झाले असते?

यावर कोणी म्हणेल, "पण बोटांना ताल जाणवतो, त्याचे काय?" जाणवतो हे खरेच आहे. तुम्हीही अनुभव घ्या. सोललेला नारळ दोन्ही हातांच्या बोटांत अगदी हलका धरा, डोळे मिटा आणि दोन मिनिटे शांत बसा. बहुतेकांना नारळात काहीतरी ठुकठुक करते आहे असे वाटेल. ती तुमच्याच बोटांतली नाडी! नाडी पाहताना डॉक्टर अंगठा टाळतात तो याचसाठी.

मेंदूभोवतीचा द्रव खरोखर हलतो, हे येथे नमूद केले पाहिजे. हृदयाच्या ठोक्याबरोबर आणि श्वासाबरोबर तो पुढेमागे होतो, हे एमआरआय यंत्रातून दिसते. प्रश्न एवढाच की, याहून वेगळा तिसरा ताल आहे का आणि तो दोन माणसांना सारखाच जाणवतो का? 1994 साली अमेरिकेत तीन तपासनीसांनी त्याच 12 व्यक्तींचा हा ताल आळीपाळीने मोजला. त्यांच्या आकड्यांचा मेळ जवळजवळ शून्य निघाला. 1998 साली एकाने डोक्याला आणि दुसऱ्याने पायांना एकाच वेळी हात लावून पाहिले. तेथेही आकडे जुळले नाहीत.

आमच्या जिल्ह्यातलेच उलट उदाहरण पाहा. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीकडच्या गावांना भूकंपाचे धक्के बसू लागले. लोक सांगत होते की जमीन हादरते, भांडी वाजतात. शास्त्रज्ञांनी भूकंपमापक यंत्रे आणून बसवली आणि त्यांच्या नोंदींतही धक्के उमटले. माणसाच्या जाणिवेला मी कमी लेखत नाही. धुंदलवाडीच्या माणसाला जे जाणवले ते शेजाऱ्यालाही जाणवले आणि यंत्रालाही, म्हणून ते मान्य झाले.

हाताळणारी माणसे खोटे बोलतात, असेही मी म्हणणार नाही. 1853 साली लंडनमध्ये टेबलाभोवती बसून, त्यावर हात टेकून टेबल 'आपोआप' फिरवण्याचे वेड पसरले होते. मायकेल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञाने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने एकावर एक बसवले. टेबल आधी सरकत असेल तर खालचा पुठ्ठा पुढे जायला हवा. प्रत्यक्षात वरचे पुठ्ठे अधिक सरकलेले आढळले. म्हणजे हात आधी सरकत होते. मग त्याने हाताची हालचाल दाखवणारा काटा बसवला, आणि काटा बसलेल्यांच्या डोळ्यांसमोर ठेवताच टेबल फिरायचे थांबले! ती सारी माणसे प्रामाणिक होती. आपण ढकलतो आहोत हे त्यांना कळत नव्हते, इतकेच. वर्गात हा प्रयोग शिकवला जात नाही याचे मला नेहमी वाईट वाटते.

मग मुले शांत कशी होतात? एक तर उबदार हात आणि शांत खोली कोणालाही आवडते. दुसरे म्हणजे पोटदुखीचे म्हणून समजले जाणारे ते संध्याकाळचे रडणे बहुधा तीन-चार महिन्यांत आपले आपणच कमी होते. त्या सुमारास जो उपाय चालू असेल त्याला यश मिळते, मग तो अमेरिकेचा असो की आजीचा. माझ्या आईने मोहरीच्या उशीचे श्रेय आयुष्यभर सोडले नाही. (लहान बाळाला उशीच देऊ नये, असे आज डॉक्टर सांगतात.)

एवढेच असते तर मी हा लेख लिहिला नसता. काळजी वेगळीच आहे. टाळू हे एक मापकही आहे. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले की ती खोल जाते. अशा वेळी टाळूवर तेल घालत बसणे किंवा ती हाताने 'वर आणण्यासाठी' कोणाला शोधणे, यात मोलाचे तास जातात. मुलाला हवे असते मीठ-साखरेचे पाणी आणि दवाखाना. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेथे असे द्रावण पाजून मृत्यूंचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आणले. आज ओआरएसची पुडी आरोग्य उपकेंद्रात मिळते. तसेच ताप असताना टाळू फुगलेली राहिली, किंवा डोक्याचा आकार दिवसेंदिवस अधिक वाकडा होऊ लागला, तर तेही डॉक्टरांनीच पाहायला हवे. कवटीचे सांधे वेळेआधी जुळल्यास शस्त्रक्रियाही लागू शकते.

त्या विद्यार्थिनीला मी एक काम दिले. बाळ झोपले असताना, टाळूला हात न लावता, तिची उडी नुसती पाहून मिनिटभर मोजायची. त्याच मिनिटात मावशीने बाळाच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजायचे. एकमेकींना आकडा आधी सांगायचा नाही, कागदावर लिहायचा. सोमवारी ती दोन चिठ्ठ्या घेऊन आली. एकीवर 124 होते, दुसरीवर 126. "दोनाचा फरक कोणाचा, सर?" तिने विचारले. मी म्हटले, तीनदा मोजून ये.