विना-नफा म्हणजे फुकट नव्हे

मेरी ग्लाउरी ही ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२० साली गुंटूरला आली आणि धर्मभगिनी झाली. धर्मभगिनींनी डॉक्टरकी करायला तेव्हा चर्चची मनाई होती. तिला पोपनी खास परवानगी दिली. बाकीच्यांना १९३६ पर्यंत थांबावं लागलं. १९४३मध्ये मोजक्या भगिनींना जमवून तिने कॅथलिक इस्पितळांचा संघ काढला. आज त्याच्या सभासद संस्था साडेतीन हजारांवर आहेत. त्यांत मोठी रुग्णालयं थोडी, आडवळणाचे छोटे दवाखानेच फार. आमच्या मते खरी वाढ तीच. चकचकीत इमारती कुणीही बांधतो.

१९८७मध्ये पुण्यापासून वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांताच्या हद्दीत आदिवासी पाडे पुष्कळ. तिथे असा दवाखाना किती मोलाचा, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

अशा विना-नफा रुग्णालयातही बिल येतंच. फक्त शिल्लक मालकाच्या खिशात न जाता त्याच कामात लागते, निदान लागायला हवी. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. ट्रस्ट कुठल्याही धर्माचा असो, त्या खाटांचा हिशेब काउंटरवर जरूर मागा.