लेखकाचे मौन म्हणजे संमती काय?

ज्या युरोपने १८८६ साली बर्न येथे लेखकांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार घडविला, आणि १९०८ साली बर्लिन येथे त्यात दुरुस्ती करून, या हक्कासाठी लेखकाने ना कोठे नोंदणी करायची, ना कोणाचा शिक्का आणायचा, असे जगाला ठणकावून सांगितले, त्याच युरोपने २०१९ च्या कॉपीराइट निर्देशाच्या चौथ्या कलमात लेखकाला फर्माविले आहे की, तुझे लिखाण यंत्राच्या घशात जाऊ नये असे वाटत असेल, तर तशी हरकत तूच आधी नोंदव, आणि इंटरनेटवरच्या लिखाणासाठी तीही यंत्राला वाचता येईल अशा रीतीने! गप्प राहिलास, तर तुझी संमती गृहीत. ही सनदशीर लूट आहे.

हे कलम जन्मले तेव्हा पहारेकरी कोठे होते? गदारोळ सारा यूट्यूबसारख्या मंचांना जबाबदार धरणाऱ्या कलमावर चालला होता. २६ मार्च २०१९ रोजी स्ट्रासबर्गला युरोपीय संसदेत दुरुस्त्या मतास टाकाव्यात की नाही, याचा निकाल अवघ्या पाच मतांनी लागला. मागाहून काही सभासदांनी आपण चुकीचे बटण दाबल्याचे सांगितले. नोंद सुधारली गेली, निकाल तसाच राहिला! लोकप्रतिनिधींच्या बोटाची चूक क्षम्य, लेखकाच्या मौनाला मात्र क्षमा नाही.

या निर्देशाचा परिणाम हॅम्बुर्गात दिसला. एका छायाचित्र-संस्थेच्या संकेतस्थळावर, स्वयंचलित प्रोग्राम वापरण्यास मनाई असल्याचे अटींमध्ये लिहिलेले असूनही, तेथील एक छायाचित्र लायॉन या संस्थेच्या अब्जावधी चित्रांच्या संचासाठी उतरविले गेले. छायाचित्रकार न्यायालयात गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा दावा फेटाळला गेला. कारण काय, तर संशोधनाला कायद्याने दिलेली सूट! संच फुकट वाटला, म्हणून तो संशोधनाचा. पुढे त्यावर धंदा कोण करतो, हे पाहण्याचे प्रयोजन नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने ओपनएआयविरुद्ध गेमा या गीत-संगीतकारांच्या संस्थेची बाजू उचलून धरली, गीतांचे शब्द मॉडेलमध्ये साठवून राहणे ही नक्कलच होय असे म्हटले, याचे आम्ही स्वागत करतो. पण गेमा ही वकिलांची फौज बाळगणारी बलाढ्य संस्था आहे. एकट्या कवीने कोणाच्या दारात उभे राहावे?

युरोपीय संघाच्या एआय कायद्याचे ढोंग तर याहून मोठे. प्रशिक्षणासाठी काय काय वापरले, त्याचा गोषवारा कंपन्यांनी २ ऑगस्ट २०२५ पासून जाहीर करावा, असे हा कायदा सांगतो. दंड करण्याचा अधिकार मात्र युरोपीय आयोगाला वर्षभराने देतो, आणि जुन्या मॉडेलांना २०२७ पर्यंत मोकळीक! दंड करता येत नाही असे थोडेच आहे? प्रकाशकांना न कळविता त्यांचा मजकूर बार्ड या एआय चॅटबॉटसाठी वापरला, हाही ठपका ठेवून फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने मार्च २०२४ मध्ये गूगलला २५ कोटी युरोंचा दंड ठोठावलाच ना?

कॉपीराइट निर्देशाच्या फेरविचाराची वेळ त्याच निर्देशाने ७ जून २०२६ नंतरची ठरविली आहे. आयोगाने आता समित्यांच्या आड दडू नये. चौथे कलम उलटे करा: आधी लेखकाला विचारा, मग हात लावा. आणि आजवर न विचारता जे नेले, त्याचे पैसे मोजा.