हळहळीने व्यसन सुटत नाही

अमेरिकेतील पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाहिनीच्या ‘फ्रंटलाइन’ मालिकेत फेब्रुवारी २००६ मध्ये ‘द मेथ एपिडेमिक’ हा माहितीपट दाखविला गेला. झोप उडविणाऱ्या, भूक मारणाऱ्या आणि अखेर माणसाची रया घालविणाऱ्या मेथॅम्फेटामाइन या रासायनिक अमली पदार्थाने ओरेगॉनसारख्या शांत राज्यातील कुटुंबे कशी पोखरली, हे त्यात मांडले होते. प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच उमटल्या. कुणी हळहळले, कुणी सरकारला धारेवर धरले, तर हा सारा वृत्तपत्रांनी फुगविलेला बागुलबुवा आहे, असेही काहींनी म्हटले. पुढच्याच महिन्यात तेथे कायदा झाला आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांपासून हे विष बनत होते, त्यांच्या विक्रीवर देशभर निर्बंध आले. घराघरांतील छोट्या भट्ट्या विझल्या. परंतु मेक्सिकोतील टोळ्यांनी दुसरी रासायनिक वाट शोधली आणि बाजार पुन्हा भरला. पुरवठा रोखावाच लागतो, पण मागणी शिल्लक असेल तर पुरवठा नवी वाट काढतो, हा त्यातला धडा आहे.

बीडच्या वाचकाला या अमेरिकी कथेचे काय, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर त्या माहितीपटातच आहे. मेथसाठी लागणारे एफेड्रिन आणि स्यूडोएफेड्रिन जगात मोजक्याच कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि त्यांतील काही कारखाने भारतात आहेत, याकडे त्याने लक्ष वेधले होते. दहा वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतून १८ टनांहून अधिक एफेड्रिन जप्त केले. मेथ बनविण्यासाठी ते परदेशी पाठविण्याचा कट होता, असा पोलिसांचा आरोप होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानजवळच्या समुद्रात तटरक्षक दलाने म्यानमारच्या खलाशांची एक बोट पकडली. तिच्यात पाच टनांहून अधिक मेथ होते. सीमेवरून शत्रूच्या फौजा आल्या तर आपण खडबडून जागे होतो. ही फौज मात्र पुड्यांतून येते आणि तरुणांच्या रक्तात तळ ठोकते.

महाराष्ट्रात मेथपेक्षा तिचे भावंड शोभणारे मेफेड्रोन, म्हणजेच ‘एमडी’, अधिक पसरले आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत त्याचा समावेश झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभला त्याचे कारखाने उघडकीस आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, आई भवानीच्या तुळजापुरात जाणाऱ्या पुड्या सापडल्या. तपास पुढे सरकला तशी आरोपींची संख्या वाढत गेली आणि त्यात काही पुजाऱ्यांचीही नावे आली. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. परंतु तेव्हा एक प्रतिक्रिया हमखास ऐकू येत होती : ‘बोलू नका, क्षेत्राची बदनामी होते.’

ही प्रतिक्रिया आपल्याला मान्य नाही. तीर्थक्षेत्राची बदनामी विष विकणाऱ्याने होते, विषाविरुद्ध बोलणाऱ्याने नव्हे. हिंदू समाजाने आपल्या श्रद्धास्थानांविषयी सर्वाधिक कठोर असावे ते स्वतःशी. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ ही आपल्याकडची व्यसनमुक्तीची प्राचीन प्रतिज्ञाच आहे. गहिनीनाथगड आणि नारायणगडाच्या छायेत वाढलेल्या, गावोगावी हरिनाम सप्ताह करणाऱ्या या जिल्ह्याला ती नव्याने शिकवावी लागू नये.

आणि धोका आपल्या उंबऱ्याशी आहेच. दसरा-दिवाळीनंतर येथील ऊसतोड कामगार कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि कित्येक वस्त्यांवर म्हातारे आजी-आजोबा व शाळकरी पोरे तेवढी मागे उरतात. बीड, अंबाजोगाई, परळीच्या अभ्यासिकांत बसलेला तरुण वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहतो. रात्र जागवून देणारी पुडी कुणी ‘एकदा घेऊन बघ’ म्हणून पुढे केली, तर त्याचा हात धरणारे जवळ कोण असते?

दूरचित्रवाणीने २०२० आणि २०२१ मध्ये चित्रपटसृष्टीतील अमली पदार्थांवर महिनोन्महिने आरडाओरडा केला. त्यातून एकही व्यसनी बरा झाल्याचे ऐकिवात नाही. उलट १९८० च्या दशकातील एक उदाहरण पाहा. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हळहळून थांबले नाहीत, त्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली ‘मुक्तांगण’ उभे राहिले. अवचटांचे सारे विचार आपल्याला पटतील असे नाही, परंतु प्रतिक्रियेचे संस्थेत रूपांतर कसे होते, हे तेथून शिकावे.

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पदार्थांना आळा घालण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे, ती शासनाने पार पाडावीच. विक्रेत्याला दयामाया नको. परंतु व्यसनात अडकलेला मुलगा गुन्हेगार ठरण्याआधी रुग्ण आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या कायद्यातही ६४-अ या कलमात आहे. मेथवर हमखास गुण देणारे औषध अजून नाही. समुपदेशन, नियमित दिनक्रम आणि न थकता पाठीशी उभे राहणारी माणसे हाच मुख्य उपचार आहे. शासनाची १४४४६ ही विनाशुल्क मदतवाहिनी आहे, अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथपर्यंत त्या मुलाला घेऊन जाणारा माणूस मात्र समाजातूनच यावा लागेल.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच : ज्या वस्तीवर आपले नित्य जाणे-येणे आहे, तेथील कोणता तरुण अलीकडे मैदानावर दिसेनासा झाला, याची चौकशी करा. त्याच्या घरी जा. लाजेने दार लावून बसलेल्या त्या आईला सांगा की ती एकटी नाही. संघटन म्हणजे दुसरे काय असते?