वेबसाईटला सामाईक विहीर चालते, सातबारा मात्र आपल्याच नावावर हवा



बेदाणा शेडवरून निघाला की आमच्या भागातल्या गटांत हल्ली एक विषय हमखास निघतो. दिवाळीआधी गटाची वेबसाईट काढायची, थेट गिऱ्हाईकाला माल द्यायचा. मग कुणीतरी कोटेशन आणतं. त्यात शेअर्ड, व्हीपीएस, डेडिकेटेड, क्लाऊड असले शब्द असतात आणि खाली आकडा बघून निम्मी माणसं उठून जातात. म्हणून हे लिहितोय.

होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा. वेबसाईटचे फोटो आणि मजकूर चोवीस तास चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर ठेवावे लागतात. त्याला सर्व्हर म्हणतात.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे भावकीची सामाईक विहीर. एका सर्व्हरवर अनेक वेबसाईट, म्हणून भाडं कमी. शेजाऱ्यानं जास्त उपसा केला तर आपलं पाणी थोडं मंदावतं, हा त्याचा एक तोटा.

व्हीपीएस म्हणजे त्याच विहिरीत आपला वाटा मोजून ठरलेला. पण मोटर-स्टार्टर आपणच सांभाळायचा. अपडेट, सुरक्षा सगळं आपल्या गळ्यात, नाहीतर त्याचे वेगळे पैसे मोजा.

डेडिकेटेड म्हणजे अख्खी विहीर आपली. क्लाऊड म्हणजे मीटरचं पाणी, वापराल तेवढं बिल. गर्दी वाढली तरी निभावतं, पण महिनाअखेर बिल किती येईल ते आधी सांगता येत नाही.

माझं स्पष्ट मत आहे, दहा-वीस जणांच्या गटाला शेअर्ड पुरतं. हिशोब करून बघा. दिवसाला २०० माणसं आली, प्रत्येकानं ३ पानं उघडली आणि पान १ एमबीचं असलं, तर दिवसाला ६०० एमबी, महिन्याला १८ जीबी. एवढं साधं शेअर्ड होस्टिंग सहज ओढतं.

आता दुसरी बाजू बघा. मोबाईलवर काढलेला एकेक फोटो ४ एमबीचा असतो. असे दहा फोटो जसेच्या तसे एका पानावर टाकले तर पान ४० एमबीचं झालं. मग साईट हळू चालते आणि एजंट सांगतो, मोठा प्लॅन घ्या. अहो, आधी ठिबक करा, मग नवी बोअर मारा! फोटो लहान करून टाकले की निम्मं दुखणं जातं. सर्व्हर मुंबईचा आहे की अमेरिकेचा, तेही विचारा. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं असेल तर जवळचा बरा.

होस्टिंग स्वस्तातलं घ्या, पण तीन गोष्टींत तडजोड नको.

पहिली, डोमेन. वेबसाईटचं नाव म्हणजे सातबारा. होस्टिंग हे भाड्याचं गोडाऊन, ते कधीही बदलता येतं. पण डोमेन एजंटाच्या नावावर असेल तर तुमचं नाव त्याच्या खिशात. एका गटाचं असंच झालं. साईट करणाऱ्याशी बिनसलं, त्यानं फोन उचलणं बंद केलं आणि पिशव्यांवर छापलेला पत्ता वाया गेला. डोमेन गटाच्या नावावर, गटाच्या ईमेलवर घ्या. .इन किंवा .कॉम एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येतं. मुदत चुकवू नका, नाहीतर ते दुसरा घेऊन जाईल.

दुसरी, बॅकअप. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, लाखो वेबसाईट बंद पडल्या आणि काही जणांचा डेटा कायमचा गेला. त्यातल्या काहींचा बॅकअपसुद्धा तिथंच होता. सगळं बियाणं एकाच कणगीत ठेवल्यावर दुसरं काय होणार? महिन्याला एक कॉपी गटाच्या पेनड्राइव्हवर घ्या.

तिसरी, दुसऱ्या वर्षाचा दर. पहिल्या वर्षी सवलत देतात, नूतनीकरणाला भाव वाढतो. तो आकडा आधीच कागदावर लिहून मागा. ‘अनलिमिटेड’ शब्दावर भुलू नका, बारीक अक्षरात मर्यादा असतेच. कुलपाचं चिन्ह दाखवणारं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे कुणी लावले तर का ते विचारा.

उद्या धंदा वाढला, दिवाळीत साईट अडकायला लागली, तर जरूर व्हीपीएसवर जा. डोमेन आणि बॅकअप हातात असेल तर बिऱ्हाड हलवायला फार वेळ लागत नाही. विहीर पाण्याची गरज बघून खोदायची असते, शेजाऱ्याची बघून नव्हे.

एक काम आजच करा. गटाच्या डोमेनचं लॉगिन आणि पासवर्ड कुणाकडं आहे, ते विचारा. उत्तर द्यायला कुणी अडखळलं, तर पुढच्या मीटिंगचा पहिला विषय तोच ठेवा.